गुणवंताच्या पोटाचा फोटो

आमच्या ह्यांचं नाव गुणवंता. नाव ठेवणाऱ्यानं जरा घाई केली, असं मी लग्नानंतर कितीतरी वर्षं म्हणत होती, अन् ह्यांच्या तोंडावर म्हणत होती. आता नाही म्हणत. काहून नाही म्हणत, तेच सांगून राहिली.

आम्ही तिगावचे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याजवळचे. हे संत्र्याची कलमं बांधतात, भैय्याजींच्या नर्सरीत. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चाकूनं हलकेच चिरायची, त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, सरकवायचा अन् वरून पट्टी गुंडाळायची. पाहायला सोपं, पण हात थरथरला की डोळा गेला. अन् एक काळ असा होता की ह्यांचा हात सकाळी सकाळीच थरथरायचा, कारण आदल्या दिवशीची उतरलेलीच नसायची. भैय्याजी भला माणूस. पण त्यांनीही एकदा ह्यांच्या हातातला चाकू काढून घेतला अन् म्हणाले, "गुणवंता, तू घरी जाय बाप्पा. माह्ये रोपं नको मारू."

तेव्हाही सुटली नाही. सुटली ती आमच्या प्रणालीमुळे. ती तेव्हा नववीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. हे झुलत झुलत आले, पहिल्या रांगेत बसले अन् पोरीचा नाच सुरू असताना उठून स्वतःच नाचायला लागले. सगळा मंडप हसला. पोरगी स्टेजवर जागच्या जागी उभी राहिली. घरी आल्यावर रडली नाही, ओरडली नाही, निरा चूप. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "तुही शपथ, आजपासून बंद."

मी चुलीपाशी होती. माझा तर जीवच खाली-वर झाला. शपथ घ्यायचीच होती तर स्वतःची घ्या, माझी घ्या, पोरीची काहून? आमच्याकडे लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की भोगतं लेकरू, असं मानतात. पण ह्यांनी पाळली. पाच वर्षं झाली, थेंब नाही. हात सुधारला, नर्सरीत मान आला. प्रणाली आता पांढुर्ण्याच्या कॉलेजात जाते, अन् बापलेकीचं असं गूळपीठ की घरात मीच परकी.

तर झालं काय, या हिवाळ्यात माझ्या भावानं, पंकजनं, मोहगावच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम ठेवला. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. ते कुस्करायचे, वर वरण, बाजूला वांग्याची भाजी, अन् तूप. तूप चमच्यानं नाही वाढत आमच्याकडे, ओगराळ्यानं वाढतात. हे दाबून जेवले. घरी येईस्तोवर ठीक होते. दिवेलागणीला पोट धरून बसले.

"अवो, काय झालं?"

"बेंबीच्या वर दुखून राहिलं. पाठीतून आरपार जाऊन राहिलं."

"खा अजून तूप! साळ्याच्या घरचं म्हणून पोट काय परक्याचं होतं?"

अशी मी बोलली. बोलायची माझी सवयच आहे. पण ह्यांनी उलट उत्तर दिलं नाही तेव्हा मला जरा धसका बसला. आडवं होता येईना. उशी मांडीवर घेऊन पुढं वाकून बसले, तसं बसलं की जरा बरं वाटे म्हणे. उलट्या सुरू झाल्या. सोडा दिला, ओवा दिला, काही उपयोग नाही. सकाळ झाल्याबरोबर मी कमल काकूला बोलावलं.

आमच्याकडे पोट दुखलं की डॉक्टर नंतर, आधी बेंबी. कमल काकू आमच्या घरामागं राहते. अर्ध्या तिगावच्या बेंब्या तिच्या अंगठ्याखालून गेल्या असतील. तिनं ह्यांना उताणं निजवलं, बेंबीवर अंगठा दाबला, डोळे मिटले अन् म्हणाली, "सरकली. पार वर चढली." मग कणकेच्या गोळ्यात वात खोचून पेटवली, ती पोटावर ठेवली अन् वरून तांब्या पालथा घातला. तांब्यानं पोट धरलं. हे असे ओरडले की शेजारचा भिवाजी धावत आला.

"बसली!" काकू म्हणाली. "आता लवकर मलिदा आण वं अलका. पोटात वजन नाही पडलं तं पुन्हा सरकन."

हा नियमच आहे. बेंबी बसवली की लगेच भारी काहीतरी खाऊ घालायचं. मी पोळी चुरली, गूळ घातला, तूप घातलं, काकूच्या डोळ्यांदेखत अजून एक पळी घातलं. हे नको नको म्हणत होते. काकूनं स्वतःच्या हातानं घास भरवले. "खाय बाबू, खाय." खाल्लं बिचाऱ्यानं. थोड्या वेळात सगळं बाहेर पडलं, अंगाला थंड घाम सुटला अन् तोंड पांढरं फटक. मी माझ्या दिराला, विनोदला, फोन लावला. तो गाडी घेऊन आला अन् आम्ही ह्यांना पांढुर्ण्याला नेलं. प्रणाली संग, मी संग, अन् कमल काकूही संग. बेंबी बसल्याचं तिला डॉक्टरला सांगायचं होतं.

डॉक्टरनं पोटाला हात लावला, रक्त घेतलं अन् सोनोग्राफीला पाठवलं. तिथल्या साहेबानं पोटावर यंत्र फिरवून फिरवून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. "पूरे पेट में गैस भरी है. कुछ दिख ही नहीं रहा." मग आमच्याकडे पाहून मराठीत विचारलं, "पित्ताची थैली आकसली आहे. सकाळी काही खाल्लं का यांनी?"

"जरासं," मी म्हटलं.

"जरासं म्हणजे काय?"

मी काकूकडे पाहिलं. काकू छताच्या पंख्याकडे पाहून राहिली होती.

"मलिदा," मी म्हटलं. "तूप घालून."

साहेबानं डोळे मिटून घेतले. मग समजावून सांगितलं. पित्ताची थैली उपाशी पोटी भरलेली असते, तेव्हा तिच्यातलं सगळं नीट दिसतं. तूपतेल खाल्लं की ती पित्त ओतून टाकते अन् सुरकुतते. अन् तिच्या खाली, जठराच्या मागं जे स्वादुपिंड असतं, ते गॅसच्या ढगात झाकून गेलं होतं. म्हणजे फोटो निघाला, पण त्यात कामाचं काही नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरनं तो पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहिलं, अन् सरळ विचारलं, "शराब चलती है क्या?"

"नाही साहेब," हे कण्हत कण्हत म्हणाले. "पाच वर्षं झाली."

"मतलब पहले पीते थे."

"हो."

डॉक्टर 'अच्छा' म्हणाला. तो 'अच्छा' मला आवडला नाही. मग त्यानं सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आली आहे असं रक्तावरून दिसतं, अन् अशी सूज पुष्कळदा पिणाऱ्यांना येते. सूज किती आहे, आतमध्ये काही सडलं-बिडलं आहे का, आतडं तर फुटलं नाही, हे पाहायला सीटी स्कॅन पाहिजे. सलाईन लावून नागपूरला न्या, उशीर करू नका. त्याचं काही चुकलं नाही, त्यानं विचारायचं ते विचारलं. पण माझ्या मागं प्रणाली उभी होती. तिनं ते ऐकलं, अन् तिचं तोंड गॅदरिंगच्या दिवशीसारखं झालं.

त्यात आमच्या विनोदला अक्कल नाही. ॲम्ब्युलन्स सावनेरच्या पुढं गेल्यावर मला हळूच म्हणतो, म्हणजे त्याच्या मते हळूच, "वहिनी, मोहगावले ते पोट्टे संत्र्याच्या झाडाखाली घेऊन बसले होते ना, दादा बी तिथंच बसला होता."

"तू पाहिलं का पिताना?"

"पाहिलं नाही. बसलेला पाहिला."

"मंग चूप बस न बाप्पा!"

प्रणालीनं खिडकीबाहेर तोंड केलं. अन् खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकलीच. पण मी तिला तिथंच झटकली. हा माणूस मला कितीकदा खोटं बोलला असेल. पोरीची शपथ घेऊन नाही बोलणार.

नागपूरला गेल्याबरोबर सीटीला घेतलं. त्या मोठ्या गोल कड्यात ह्यांना सरकवलं. शिरेतून औषध सोडतात, त्यानं आतल्या रक्ताच्या वाटा उजळून दिसतात म्हणे. औषध गेलं की अंगभर गरम वाटतं, असं तिथल्या लोकांनी आधी सांगितलं होतं, पण आमच्या माणसाचं लक्ष कुठं. बाहेर आले ते मान खाली घालून. मला जवळ बोलावलं अन् कानात म्हणाले, "अलका, लुगडं-बिगडं काही आण. मले वाटते मी चड्डीत केलं."

मी चादर उचलून पाहिलं. कोरडं ठणठणीत होतं. त्या औषधानं तसा भास होतो. एवढ्या काळजीत मला हसू फुटलं अन् हसता हसता रडूही आलं. नर्स म्हणाली, सगळ्यांनाच असं वाटतं काकू, रोजचं आहे.

संध्याकाळी तिथल्या फोटोच्या डॉक्टरीणबाई, वृषाली मॅडम, आमच्याशी बोलल्या. तरुण बाई, नागपुरातलीच असेल, बोलणं साधं. स्क्रीनवर ह्यांच्या पोटाच्या चकत्या एकावर एक सरकत होत्या. मॅडमनं बोट ठेवून दाखवलं. "हे स्वादुपिंड. सुजलं आहे, भोवती थोडं पाणी आहे. पण रक्त सगळीकडे पोचतं आहे. कुठलाही भाग मेलेला नाही. आतडं शाबूत आहे. घाबरू नका, सलाईनवर ठेवू, सूज उतरेल."

"म्हणजे वाचते ना माणूस?"

"वाचतात, ताई."

मी तिथल्या तिथं खुर्चीवर बसली. कॅन्सर, ऑपरेशन, अन् त्याच्याही पुढचं सगळं मी मनात करून आली होती, ते एकदम ओसरलं. मॅडमचे पाय धरू का काय करू असं होऊन गेलं. अन् तेवढ्यात प्रणालीनं विचारलं, "मॅडम, हे कशानं झालं, ते यात दिसते का?"

"नाही गं. सूज दिसते, कारण नाही दिसलं. पित्ताचे सगळेच खडे सीटीत दिसत नाहीत. पोटातला गॅस कमी झाला की सोनोग्राफी पुन्हा करू. पण रिकाम्या पोटी हं. पांढुर्ण्याच्या रिपोर्टमध्ये मलिदा लिहिला आहे."

माझ्या मलिद्याचं नाव नागपूरपर्यंत गेलं. मी पदर तोंडाला लावला.

पुढचे दिवस ह्यांचं पोट हळूहळू शांत होत होतं. प्रणाली बापाचं सगळं करायची. उलटीचं भांडं धरायची, सलाईन संपली की नर्सला हाक मारायची, पाय चेपायची. बोलायची मात्र नाही. एकदा मात्र तिनं विचारलं, पाय चेपता चेपता, मान वर न करता.

"बाबा, मोहगावले काय पेले होते तुमी?"

"मठ्ठा," हे म्हणाले.

"त्या पोट्ट्याईसंग बसून मठ्ठा?"

"सावली होती वं तिथं. बसलो. त्याईनं दिली, मी नाही म्हटलं, मठ्ठा मागवला." मग म्हणाले, "तुले खरं नाही वाटून राहिलं ना? काहून वाटन. मी काय कमी खोटं बोललो का."

प्रणाली पाय चेपत राहिली. हे भिंतीकडे वळले. सूज उतरली तरी हा माणूस असाच भिंतीकडे तोंड करून राहील काय, असं मला वाटून गेलं. दुखणं परवडलं, पण हे नको. देवा, मी मनात म्हटलं, त्या फोटोत काहीतरी निघू दे. नवऱ्याच्या पोटात काहीतरी निघावं म्हणून देवाला हात जोडणारी बाई तिथं माझ्याशिवाय दुसरी नसेल.

गावात तोवर बोभाटा झालाच होता. भिवाजीचा फोन आला. तब्येत विचारली, सलाईन विचारली, अन् मग हळूच, "वहिनी, गावात बोलून राहिले म्हणून विचारतो. गुणवंता बाटली कुठं लपवत होता वो?"

"तुमच्या घरी!" मी म्हटलं अन् फोन ठेवला.

सोनोग्राफी ठरली त्याच्या आदल्या दिवशी कमल काकू भेटायला आली, रामाकोन्याला दिलेल्या तिच्या लेकीला संग घेऊन. येता येता डबाही आणला. मी डबा उघडलाही नाही, सरळ पलंगाखाली सरकवला. संत्री घेऊन येणाऱ्यांची रांग होती, त्यांनाही दारातूनच परतवलं. ह्यांच्या तोंडात मी पाण्याचा घोटसुद्धा नर्सला विचारल्याशिवाय जाऊ दिला नाही. काकू ह्यांच्या पायाशी बसून रडली. "माह्या हातानं खाऊ घातलं रे बाबू, माह्या हातानं." हे म्हणाले, "काकू, तुम्ही मायेनं घातलं. राहू द्या."

सकाळी सोनोग्राफी. खोलीत अंधार, एक स्क्रीन तेवढी उजळलेली. सलाईनची बाटली धरायला म्हणून प्रणालीला आत घेतलं, अन् मी कोणी अडवायच्या आत घुसली. वृषाली मॅडमनं पोटावर ते गार गार जेल ओतलं, यंत्र ठेवलं. यावेळी पडद्यावर एक काळी थैली स्पष्ट दिसली, मोसंबीच्या फोडीएवढी, टम्म भरलेली. अन् तिच्या तळाशी पांढरे ठिपके.

"काका, डाव्या कुशीवर व्हा."

हे कुशीवर झाले. ठिपके हलले. घरंगळत दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. प्रत्येकाच्या मागं काळी सावली पडलेली.

"सापडले," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही आनंद झाला होता, आवाजावरून कळत होतं. "हे पित्ताचे खडे. बारीक आहेत, म्हणूनच त्रास. यातला एखादा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला असणार, म्हणून स्वादुपिंड सुजलं. आता नळी मोकळी दिसते, तो पुढं निघून गेला."

प्रणाली पडद्याकडे वाकली. "मॅडम, म्हणजे दारूनं नाही?"

"दारूचा काय संबंध? हे खडे कोणालाही होतात. माझ्या आईला झाले होते, ती तर चहासुद्धा घेत नाही."

मी 'माय वं!' म्हणून भिंतीला टेकली. इतकं हलकं मला पोरगी झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. प्रणालीनं सलाईनची बाटली माझ्या हातात कोंबली. बापाचा हात धरला, पोट पुसू पाहणारा, जेलनं भरलेला, अन् तो उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ठेवला अन् दोन्ही हातांनी दाबून धरला.

"अवं, केसं खराब होतीन," हे म्हणाले, पण हात काढला नाही.

मॅडमनं लाईट लावायला जरा वेळ लावला. समजूतदार बाई.

मग मला कंठ फुटला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जत्रेत जाम नदीवर दोन गावं एकमेकांवर दगडं मारतात, अन् ह्या माणसानं जन्मात कोणावर एक खडा भिरकावला नाही, पोटात मात्र साठवून बसला, असं मी खोलीतच बोलली. हे हसले, हसताना पोट दुखलं म्हणून 'आई गं' म्हणाले, अन् पुन्हा हसले. बाहेर आल्यावर प्रणालीनं विनोद काकाला फोन लावला अन् त्याला असा झाडला की मला माझीच आठवण आली. पोरगी बापाची लाडकी असली तरी जीभ माझी आहे.

सूज पुरती उतरल्यावर दुर्बिणीतून ती थैली काढली. ऑपरेशन झाल्यावर तिथं नातेवाइकांना खडे दाखवतात, अन् एका लहानशा काचेच्या बाटलीत घालून देतात. हिरवट काळे, ज्वारीच्या दाण्याएवढे. हे आता पुन्हा नर्सरीत जातात. भैय्याजी उन्हात बसू देत नाहीत म्हणून ह्यांची कुरकुर सुरू असते. कमल काकू अजून बेंब्या पाहते, सोडवत नाही तिच्यानं, पण अंगठा लावायच्या आधी विचारते, "सोनोग्राफी केली का? आधी करून ये. अन् उपाशी जाजो."

आम्ही घरी आलो त्या दिवशी भिवाजी भेटायला आला. खुर्चीवर बसला, इकडचं तिकडचं बोलला, ह्यांच्याकडे चोरून पाहत होता. मी चहा नंतर टाकला. आधी देव्हाऱ्यातून बाटली काढली, हो, देव्हाऱ्यातच ठेवली आहे मी, अन् त्याच्या हातात दिली.

"घ्या भाऊजी, हलवून पाहा. विचारून राहिले होते ना, बाटली कुठं लपवते म्हणून?"

त्यानं हलवली. आतले खडे खुळखुळले. दारात उभी राहून प्रणाली पाहत होती, अन् हे अंगणात कोवळ्या उन्हात बसून तिनं अंगणात लावलेल्या जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून राहिले होते. हात बिलकुल हलत नव्हता.